दुकानाचा विमा घेताना: कोल्हापुरात पहिल्यांदाच व्यवसाय टाकणाऱ्यांसाठी

माझ्या दुकानात शटरच्या आतल्या भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची २०१९ च्या पुराची, तिच्यावर चार बोटं २०२१ ची. रंगकाम निघालं की पेंटरला आधीच सांगतो, एवढी पट्टी सोड बाबा. व्हीनस कॉर्नरच्या मागच्या अंगाला माझं मोटर रिवाइंडिंगचं आणि पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. विम्याचं जे काही कळतं ते त्या खालच्या रेघेनं शिकवलं. वरच्या रेघेच्या वेळी मी थोडा शहाणा होतो.

गेल्या महिन्यात भाचा आला. उद्यमनगरात भाड्यानं गाळा घेऊन दोन लेथ टाकतोय. हातात एजंटनं दिलेलं कोटेशन.

"मामा, ही पॉलिसी घेऊ का? हप्ता लई कमी बसतोय."

"हप्ता राहू दे. तुझ्याकडं काय काय आहे ते लिहून आण, मग बोलू."

त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. आपल्याकडं पंचगंगा आहे म्हणून पुराचं थोडं जास्त येईल, पण विम्याचे नियम सगळीकडं सारखेच.

आधी वही घेऊन गाळ्यात फिरा

एजंटला फोन करण्याआधी एक तास काढा आणि दारापासून मागच्या भिंतीपर्यंत जे दिसेल ते लिहा. मशीन, रॅक, काउंटर, काँप्युटर, इन्व्हर्टर, वजनकाटा, बोर्ड, कच्चा माल, तयार माल. प्रत्येकापुढं दोन गोष्टी: आज ही वस्तू नव्यानं घ्यायची तर किती रुपये, आणि ही गेली तर धंदा किती दिवस बंद.

गाळा भाड्याचा असेल तर भिंती आणि छप्पर मालकाचं, त्याचा विमा त्यानं बघायचा. पण तुम्ही केलेलं पीओपी, लाकडी काम, वायरिंग, पोटमाळा हे तुमचं. ते 'फर्निचर व फिक्स्चर'मध्ये वेगळं लिहून घ्या. नवखे लोक हे हमखास विसरतात आणि मग दोन-तीन लाखांचं काम हिशेबातच येत नाही.

दुसरी विसरायची गोष्ट म्हणजे दुसऱ्याचा माल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्याकडं शेतकऱ्यांच्या चौदा मोटरी दुरुस्तीला आल्या होत्या. करवीर, पन्हाळा भागातल्या. पाणी ओसरल्यावर त्या गाळातून काढून ओळीनं लावल्या, प्रत्येकीच्या मुठीला बांधलेल्या चिठ्ठ्यांवरची नावं पार पुसलेली. पॉलिसीत लिहिलं होतं 'विमाधारकाच्या मालकीचा साठा'. त्या मोटरी माझ्या मालकीच्या नव्हत्या. एक रुपयाही मिळाला नाही, आणि गिऱ्हाईकाला तसं सांगता येत नाही. भरून मीच दिलं. भाच्याच्या लेथवर शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग मशीनिंगला येणार, ते त्याचं नव्हे, फौंड्रीवाल्याचं. म्हणून प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, 'जॉबवर्कसाठी ताब्यात असलेला इतरांचा माल' असं स्पष्ट लिहून त्याची रक्कम वेगळी टाका. मोटर मेकॅनिक, शिंपी, घड्याळ-मोबाईल दुरुस्तीवाले, हुपरीतले मजुरीवर चांदीकाम करणारे, सगळ्यांना हे लागू. चांदी-सोन्यासाठी तर ज्वेलर्स ब्लॉक नावाची पॉलिसीच वेगळी असते. साध्या दुकान पॉलिसीवर भागवू नका.

मुख्य पॉलिसी: आग आणि पूर

एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, छोट्या धंद्यांसाठी ठरावीक साच्याच्या पॉलिसी आणल्या. एका ठिकाणची इमारत, मशीन, माल असं सगळं मिळून ५ कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. ५ कोटींच्या वर ५० कोटींपर्यंत 'भारत लघु उद्यम सुरक्षा'. आपल्यापैकी जवळजवळ सगळे पहिल्यात बसतात. सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडं ती याच नावानं असते आणि मूळ मजकूर एकच, त्यामुळं कोटेशनची तुलना सोपी जाते. तीन ठिकाणांहून मागवा.

आग, वीज कोसळणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, पाणी साचणं, दंगल, अशी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरी, हे सगळं यात मुळातच धरलेलं आहे. एजंट साधी 'फायर पॉलिसी' देत असेल आणि हप्ता फारच हलका असेल, तर पहिला प्रश्न हा: वादळ-पुराचं कलम काढून टाकलंय का? भाच्याच्या कोटेशनमध्ये नेमकं तेच निघालं. त्याचं म्हणणं, उद्यमनगरात आमच्या बाजूला पाणी येत नाही. आमच्याकडंही येत नव्हतं.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. म्हातारी माणसं २००५ चं सांगत "इथवर येत नाही" म्हणाली होती, त्यांनाही आपलं गणित बदलावं लागलं.

पुराच्या नादात आग विसरू नका. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा निम्मं कोल्हापूर रस्त्यावर उभं राहून बघत होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या लाइनीतल्या तिघांनी पहिल्यांदा वायरिंग तपासून घेतलं. आगीच्या पॉलिसीतली एक खोच वायरिंगवाल्यांनी लक्षात ठेवावी. शॉर्टसर्किट होऊन आग पसरली आणि माल जळाला, तर मालाची भरपाई मिळते. पण ज्या मोटरमध्ये किंवा पॅनेलमध्ये शॉर्ट झाला तेच यंत्र जळालं, तर ते या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी मशिनरी ब्रेकडाउन पॉलिसी वेगळी. सीएनसी, इंडक्शन फर्नेस, कॉम्प्रेसर असं एकाच यंत्रावर धंदा उभा असेल तर ती घ्या. दोन जुन्या लेथसाठी मी घेतली नसती.

विमा रक्कम: इथंच सगळे फसतात

मी का फसलो ते आकड्यात सांगतो. २०१९ ला माझा माल ९ लाखांचा होता. बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे मालावर मिळणाऱ्या फिरत्या कर्जाची मर्यादा ४ लाख, म्हणून बँकेनं विमा काढलेला ४ लाखांचा. पॉलिसीची प्रत माझ्याकडं नव्हतीच, हप्ता खात्यातून परस्पर कापला जायचा. नुकसान झालं ६ लाखांचं. मला वाटलं, विमा ४ लाखांचा आहे, तर निदान ४ लाख मिळतील.

नुकसान मोजायला कंपनीनं पाठवलेला सर्व्हेअर बसून शांतपणे म्हणाला, "मालक, तुम्ही नऊ लाखांपैकी चार लाखांचाच विमा काढलाय. उरलेल्या पाच लाखांचे विमाकर्ते तुम्हीच."

म्हणजे नुकसानीतही तेवढाच वाटा. ६ लाखांच्या नऊ भागांतले चार, २ लाख ६६ हजार. त्यातून पॉलिसीतली ठरलेली एक्सेस, म्हणजे आपणच सोसायची रक्कम, वजा. हातात अडीच लाख, तेही हातात नाहीच. पॉलिसीवर बँकेचं कलम असल्यानं पैसे थेट कर्जखात्यात जमा झाले. मशीन आणि रॅकचा तर विमाच नव्हता.

सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत यात १५ टक्क्यांची सूट आहे. खऱ्या किमतीच्या ८५ टक्के किंवा जास्त रकमेचा विमा असेल तर ही कपात लागत नाही. ९ लाखांच्या मालाला किमान ७ लाख ६५ हजार. त्याच्या खाली गेलात की आमचाच हिशेब पुन्हा.

रक्कम ठरवताना माल खरेदीच्या किमतीला धरा, विक्रीच्या नाही, नफा यात मिळत नाही. मशीन आणि फर्निचर मात्र नव्यानं घ्यायच्या किमतीला, म्हणजे रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यूवर. पॉलिसीत तसा शब्द आहे ना बघा, नाहीतर घसारा कापून दहा वर्षांच्या लेथचे भंगारासारखे पैसे येतात.

वर्षातला सरासरी साठा धरू नका, सर्वांत जास्त असतो तो धरा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती कधी भरलेले असतात? जुलै-ऑगस्टमध्ये. आणि पाणी कधी येतं? तेव्हाच. मार्केट यार्डात गुळाचा साठा हंगामात, कापडवाल्याचा दिवाळीच्या तोंडावर. हंगामापुरती रक्कम वाढवून घेता येते, त्याला एन्डोर्समेंट म्हणतात. माल दोन-तीन गोडाऊनमध्ये फिरत असेल तर प्रत्येकाचा पत्ता लिहून फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्या ठिकाणांना मिळून एकच रक्कम असलेली, मागा.

जीएसटीचं मला आमच्या टॅक्सवाल्यानं सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. माल बुडाला, जळाला किंवा चोरीला गेला की त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणं परत करावं लागतं. कंपनी मात्र म्हणते, कर तुम्ही आधीच वजा घेतलाय, म्हणून कर सोडून किंमत देतो. मधल्या मधे १८ टक्क्यांचा फटका. म्हणून विमा रक्कम करासकट धरा आणि प्रपोजलवर तसं लिहा.

बँकेनं काढलेला विमा

कर्ज असेल तर उद्याच शाखेत जाऊन पॉलिसीची प्रत मागा. चार गोष्टी बघायच्या: पत्ता आजचा आहे का, रक्कम कर्जाइतकीच आहे की मालाइतकी, मालाचं वर्णन बरोबर आहे का, मुदत संपलेली नाही ना. जागा बदलली आणि पॉलिसीवर जुना पत्ता राहिला, तर विमा त्या जुन्या रिकाम्या गाळ्याचा असतो, तुमच्या मालाचा नाही. बँकेला दर महिन्याला देता ते स्टॉक स्टेटमेंटही खरं द्या. मर्यादा टिकावी म्हणून फुगवलेलं किंवा कंटाळून गेल्या महिन्याचं तेच पुन्हा दिलेलं स्टेटमेंट सर्व्हेअर सगळ्यात आधी मागतो.

हाताखालची माणसं

माल गेला तर धंदा परत उभा राहतो. कामगाराचा हात मशीनमध्ये गेला तर मालक म्हणून जबाबदारी कायद्यानं तुमच्यावर येते. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणं ठरलेला आकडा. ३० वर्षांच्या माणसाला तो २०७.९८. १५ हजार पगार धरला तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५०. दोन लेथच्या गाळ्याला हे झेपत नाही.

दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. तिथं नोंद असलेल्यांचा प्रश्न सुटला. त्याहून कमी माणसं असतील तर वर्कमेन कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगारांच्या भरपाईची, पॉलिसी घ्या. तीत माणसांची खरी संख्या आणि खरा पगार लिहा. हप्ता वाचवायला चारऐवजी दोन लिहिले आणि अपघात तिसऱ्याला झाला, तर बोलणार काय?

याच्या जोडीला प्रत्येकाच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये, अपघाती २ लाख) आणि जीवनज्योती (४३६ रुपये, २ लाख) चालू करून द्या. माझ्याकडच्या तिघांचे मीच भरतो. ही मदत झाली, कायद्याची जबाबदारी यानं फिटत नाही.

बाकीचं थोडक्यात

चोरीच्या पॉलिसीत कुलूप तोडून, शटर उचकटून, म्हणजे जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण लागते. गिऱ्हाईक बनून येऊन कुणी वस्तू पळवली तर नाही, नोकरानं गल्ल्यातून नेलं तर नाही. नोकरासाठी फिडेलिटी कव्हर, रोकडीसाठी मनी इन्शुरन्स. दुकानदार पॅकेज पॉलिसीत यातलं बरंच एकत्र मिळतं. किराणा, कपडा, स्टेशनरीवाल्यांना तीच सोयीची.

गाडीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचाच आहे. पण घरच्या कारमध्ये मागची सीट पाडून माल भरता आणि गाडी खासगी म्हणून नोंदलेली असेल, तर अपघातात स्वतःच्या गाडीचा क्लेम अडतो. छोटा हत्ती घेतला की व्यावसायिक पॉलिसी, विषय संपला.

माल बाहेरगावी पाठवत असाल तर ट्रान्झिट विमा. दोन्ही पुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद पडून ट्रक दिवसचे दिवस उभे होते. लक्षात घ्या, माल भिजला तर भरपाई, उशीर झाला म्हणून ऑर्डर गेली तर नाही.

हॉटेल, जिम, क्लास असं लोकांची ये-जा असलेलं काही असेल तर पब्लिक लायबिलिटी, म्हणजे आलेल्या लोकांना इजा झाली तर त्याची भरपाई देणारी पॉलिसी, घ्या. बंद काळातला नफा भरून देणारी 'लॉस ऑफ प्रॉफिट' पॉलिसीही असते. छोट्या दुकानाला मी ती सुचवत नाही, त्यापेक्षा तीन महिन्यांचं भाडं आणि पगार एफडीत ठेवा. २०१९ ला माझं दुकान चाळीस दिवस बंद होतं. सरकारी मदतीवर भिस्त ठेवू नका. २०२१ ला नोंदणी असलेल्या दुकानदाराला जास्तीत जास्त ५० हजार जाहीर झाले होते.

कधी आणि कुणाकडून

मार्च-एप्रिलमध्ये. हप्ता कंपनीकडं पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे १९३८ च्या विमा कायद्यातच आहे. "एजंटला चेक दिला होता" याला अर्थ नाही, ऑनलाइन भरा आणि पावती घ्या. बंधाऱ्यावर पाणी चाळिशीला टेकल्यावर पॉलिसी मागायला गेलात तर कुणी दारात उभं करत नाही.

एजंट कंपनीचा माणूस असतो, ब्रोकर तुमचा. चांगला एजंटही असतो, पण त्याची पारख एकच: तो दुकान बघायला येतो का? फोनवरच रक्कम ठरवणाऱ्याला नको म्हणा. प्रपोजल फॉर्म कोरा सही करून देऊ नका. तळघरात माल आहे, पूर्वी पाणी आलंय, शेजारी फटाक्यांचं गोडाऊन आहे, सगळं खरं लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण क्लेमच्या वेळी "लपवलं" म्हणून कुणी बोट दाखवणार नाही.

पाणी आलंच तर

आधी माल हलवा. नुकसान कमी करणं हे तुमचं कर्तव्य पॉलिसीतच लिहिलेलं असतं. पण हलवलेला माल नव्या जागी आपोआप विम्यात येतो असं समजू नका. कुठं, किती, कधी हलवला याचा मेल त्याच दिवशी कंपनीला टाका आणि तो पत्ता पॉलिसीत घ्यायला सांगा. २०२१ ला मी तांब्याची तार आणि नवे पंप पाहुण्यांच्या गच्चीवर नेले, फोनवरून चार ओळींचा मेल केला.

पाणी ओसरल्यावर झाडू हातात घेण्याआधी व्हिडिओ काढा. भिंतीवरची पाण्याची खूण, रॅकचा प्रत्येक कप्पा, मशीनचे नंबर. कंपनीला लगेच कळवा आणि क्लेम नंबर घ्या. तलाठी किंवा महापालिकेचा पंचनामा, आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरी असेल तर एफआयआर. भिजलेला माल सर्व्हेअरनं बघेपर्यंत टाकू नका. वास सुटला, कॉर्पोरेशनची गाडी दारात आली, तरी त्याला फोन करून मेलवर परवानगी घ्या, मग द्या.

पहिल्या पुरानंतर सर्व्हेअरनं मला विचारलं होतं, "साठ्याचं रजिस्टर?"

मी कोपऱ्यातल्या लगद्याकडं बोट दाखवलं. "ते काय."

तेव्हापासून खरेदीची बिलं, साठ्याची वही, पॉलिसी, मशीनचे फोटो दर शनिवारी मोबाईलवरून ड्राइव्हवर चढवतो. मुलीनं शिकवलं, दहा मिनिटांचं काम.

क्लेम चुकीचा कापला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. कोल्हापूरसाठी कार्यालय पुण्यात आहे. एकट्याच्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग तिथं जाऊ शकतात, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो, फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. आयआरडीएआयचा मदत क्रमांक १५५२५५, आणि 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, करून ठेवलेली असली की सूक्ष्म उद्योग असल्याचा पुरावा शोधत बसावं लागत नाही.

भाच्यानं शेवटी सूक्ष्म उद्यमची पॉलिसी घेतली. फौंड्रीच्या कास्टिंगचे तीन लाख वेगळे लिहून घेतले, दोन कामगारांची पॉलिसी जोडली. हप्ता आधीच्या कोटेशनपेक्षा बराच जास्त बसला, त्यामुळं जरा तोंड वाकडं केलं. पॉलिसी आली ती थेट मला पाठवली, "मामा, बघा बरं." वाचली. गाळा नंबर चुकला होता. त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यायला लावला.